सह्याद्रीचं बिल कुणाच्या नावावर?

मागच्या पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पश्चिम घाटावर एक स्लाइड शो झाला. फोटो देखणे होते. भीमाशंकरचा शेकरू, कासचा फुललेला सडा, फांदीला वेटोळं घालून बसलेला मलबारी चापडा. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्याच प्रश्नाला ‘या गावकऱ्यांना शहाणं कोण करणार’ असा सूर लागला आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत गाडी ‘सगळ्या घाटात लष्करच नेमायला पाहिजे’ इथवर पोचली. नंतर चहा-बटाटेवडे आले आणि पाचच मिनिटांत तीच मंडळी कर्जतच्या पुढे गुंठ्याला काय भाव चाललाय यावर बोलायला लागली. एकाच्या प्लॉटसमोर थेट डोंगर आहे, दुसऱ्याच्या प्लॉटला लागून ओढा आहे, आणि बिल्डर तो ओढा बांधून देणार आहे. कुणालाच काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते घरी आल्यावर खटकलं.

दुसऱ्या बाजूचा सूरही मला पाठ आहे, कारण तो फोनवरून येतो. संगमेश्वर तालुक्यात राहणारा माझा चुलतभाऊ म्हणतो, “तुम्ही मुंबईत बसून आमच्या डोंगरावर रेघा ओढता, आणि आम्हाला गोठा बांधायचा तर परवानगी.” त्याच्या लेखी हा वाद शहरातले निसर्गप्रेमी विरुद्ध डोंगरातली माणसं असा आहे. हॉलमधल्या मंडळींच्या लेखी तो निसर्ग विरुद्ध अडाणीपणा असा आहे. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: मुंबई या भांडणात बाहेरची आहे. एकाच्या मते ती बाहेरची शहाणी, दुसऱ्याच्या मते बाहेरची आगाऊ. मला हेच साफ चुकीचं वाटतं. सह्याद्रीच्या या खटल्यात मुंबई पक्षकार आहे, आणि पक्षकारांतही देणेकरी. हे देणं मांडलं जात नाही तोवर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची, म्हणजे खाणी आणि मोठे प्रकल्प जिथे नकोत त्या भागाची, कुठलीही रेघ कागदावरच राहील, आणि तशी ती राहिली तर दोष फक्त गावाचा नसेल.

आधी डोंगराकडे बघू. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत साधारण १६०० किलोमीटर पसरलेल्या या रांगेला आपण पर्वत म्हणतो, पण आपल्या भागात ती खरं तर दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्या थरांचा हा पश्चिमेकडचा उभा छेद. म्हणून पुण्याकडून जाताना घाट कधी आला ते कळत नाही आणि कोकणातून बघावं तर भिंतच उभी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला अडून वर चढतात आणि रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आंबोलीला त्याहून जास्त, आणि तिथून पूर्वेला फलटणपर्यंत गेलं की पाचशेच्या आसपास. गोदावरी, भीमा, कृष्णा या कडेवर उगमतात आणि समुद्राकडे पाठ करून पूर्वेला जातात. पश्चिमेला उतरणारं पाणी आखूड, उतावळ्या नद्यांतून दिवसा-दोन दिवसांत खाडीला मिळतं. मधे कुणी अडवलं तरच थांबतं.

ते अडवतो आपण. मुंबईला दिवसाला जवळपास ४०० कोटी लिटर पाणी लागतं आणि ते सात तलावांतून येतं. विहार आणि तुळशी शहराच्या पोटात आहेत, पण ते देतात थोडंसंच. बाकी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा. यातली निम्म्याच्या आसपास भिस्त एकट्या भातसावर. शहापूर, मोखाडा, इगतपुरी या पट्ट्यातल्या डोंगरउतारांवर पडलेला पाऊस गोरेगावच्या बाथरूममध्ये पडतो, इतकं साधं हे नातं आहे. आता पुढचं धरण गारगाई नदीवर व्हायचं आहे, दिवसाला ४४ कोटी लिटरचं, आणि त्यासाठी तानसा अभयारण्यातलं जंगल पाण्याखाली जाणार आहे. म्हणजे पाण्यासाठी राखलेलं रान पाण्यासाठीच बुडवायचं.

तानसाचं रान पाण्यासाठीच राखलं होतं, हे मी उगाच म्हणत नाही. १८६० मध्ये विहार झाला, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. तलावात गाळ आणि घाण येऊ नये म्हणून भोवतालच्या उतारांवरची शेतं-पाडे हटवून ते राखले गेले. आज ज्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत म्हणून आपण मिरवतो, त्याचा गाभा म्हणजे हीच राखलेली पाणलोटं. ब्रिटिशांना बिबट्याचा पुळका नव्हता, त्यांना स्वच्छ पाणी हवं होतं. बिबट्या फुकटात वाचला. एखाद्या शहराने स्वार्थासाठी जंगल राखलं तर ते दीडशे वर्षं टिकतं, याचा पुरावा आपल्या दारात आहे. पण त्या स्वार्थाची किंमत कुणी दिली? ज्यांची शेतं आणि पाडे त्या उतारांवर होते, त्यांनी.

मे महिन्यात एकदा कसाऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर गेलो होतो. टँकर आला तो पाणी वाटायला थांबला नाही, त्याने ते सरळ कोरड्या विहिरीत ओतलं. मग तीस-चाळीस बायका काठावर दाटीवाटीने उभ्या राहून दोराने गढूळ पाणी शेंदायला लागल्या, आणि ते जिरून जायच्या आत जेवढं निघेल तेवढं हंड्यांत भरायला लागल्या. येताना वाटेत मुंबईची जलवाहिनी लागली होती, माणूस उभा आत चालेल एवढी. शहापूर तालुक्यात धरणं आहेत आणि दर उन्हाळ्यात टँकरही आहेत. याला दुष्काळ म्हणत नाहीत, याला वाटणी म्हणतात.

आता दुसरी बाजू, आणि ती लंगडी नाही. पश्चिम घाट कसा राखायचा हे सुचवण्यासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात सगळा घाट तीन प्रतींच्या संवेदनशीलतेत विभागला होता, पण कुठे काय चालेल हे ग्रामसभांना विचारून ठरवा असंही स्पष्ट म्हटलं होतं. पुढे तो अहवाल तपासायला नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये संवेदनशील म्हणून सुमारे ३७ टक्केच घाट उचलला. २०१४ पासून केंद्राच्या अधिसूचनेच्या मसुद्यांची थप्पी लागली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडला डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, महाराष्ट्राचं १७,३४०. या सगळ्या प्रवासात ग्रामसभेला विचारण्याचा भाग गळाला आणि उरली ती गावांची यादी. ज्याच्या गावाचं नाव यादीत आलं त्याला ते कुणी नीट मराठीत समजावलं नाही. मग ‘आता घराची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत’ ही अफवा पसरायला किती वेळ लागतो? चुलतभावाचा संताप मूर्खपणाचा नाही. ज्यांनी कधी विचारलंच नाही, ते आता सांगायला आले आहेत, एवढंच त्याला दिसतं.

आणखी एक मान्य करतो, जे आमच्या हॉलमधल्या वक्त्यांना रुचणार नाही. प्रत्येक दरडीचं खापर खाणीवर आणि रस्त्यावर फोडता येत नाही. २०१४ मध्ये माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. २०२१ मध्ये तळिये. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ती ठाकर वाडी होती, खाण नव्हती, रिसॉर्ट नव्हतं आणि गाडीरस्ताही नव्हता. बचाव करणारे लोक त्या पावसात डोंगर चढून पायी पोचले. तिथे रस्ता असता तर काही जीव वाचले असते, असं कुणी म्हटलं तर त्याला विकासवादी म्हणून हिणवणार का? डोंगरातल्या माणसाला रस्ता, दवाखाना, शाळा हवी म्हणणं हा निसर्गद्रोह नाही. जंगल टिकवायचं तर माणूस काढा, हा विचार तर मुळातच आपल्या अनुभवाच्या विरुद्ध आहे. कोकणात आणि मावळात देवराया टिकल्या त्या वनखात्याने राखल्या म्हणून नाही, गावाने राखल्या म्हणून.

पण इथून ‘म्हणून संवेदनशील क्षेत्र नकोच’ या निष्कर्षावर जी उडी मारली जाते ती मला पटत नाही. मसुदा वाचा. बंदी आहे खाणी, दगडखाणी, वाळूउपसा यांवर, नव्या औष्णिक वीज प्रकल्पांवर, लाल यादीतल्या प्रदूषक उद्योगांवर आणि वीस हजार चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामांवर. वीस हजार चौरस मीटर म्हणजे दोन लाख चौरस फुटांच्या वर. एवढा गोठा संगमेश्वरात कोण बांधणार आहे? शेतीवर बंदी नाही, राहत्या घराच्या दुरुस्तीवर नाही, मालकी हक्काला धक्का नाही. आणि हा प्रयोग महाराष्ट्राला नवाही नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून, माथेरान २००३ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बंद पडली का? माथेरानचं पर्यटन मेलं? गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात म्हणून तर माथेरान माथेरान आहे.

अर्थात महाबळेश्वर उलट्या बाजूनेही बोलतं, आणि तेही ऐकायला हवं. तिथे नियम असूनही बेकायदा बांधकामं उभी राहिली आणि छोट्या माणसाला मात्र खेटे घालावे लागतात, ही तक्रार तिथे कुणालाही विचारा. नियम एकटा आला की तो वर मऊ आणि खाली कडक होतो. त्याच्याबरोबर पैसा आणि निर्णयाचा हक्क आला तरच गाव त्याला आपला नियम मानेल. माझा सगळा मुद्दा इथेच येऊन थांबतो.

पैशाबद्दल बोलायचं तर इतिहासात आपण आधी एकदा हे भांडण चुकीचं लढून बसलोय. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले. पन्नासच्या वर गावं बुडणार होती. वीज कशासाठी हवी होती? मुंबईच्या गिरण्यांसाठी. तेव्हाही एका बाजूला ‘राष्ट्राची प्रगती’ होती, दुसऱ्या बाजूला ‘हट्टी शेतकरी’, आणि मुंबई निवांत. घाटाच्या पायथ्याशी वीजकेंद्रं उभी राहिली: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. भीमेच्या खोऱ्यात पडलेलं पाणी बोगद्यांतून कड्याखाली सोडायचं, त्याची वीज मुंबईला आणि तेच पाणी पुढे पाताळगंगा, उल्हास, कुंडलिका या नद्यांना. कल्याण-डोंबिवली ज्या उल्हासवर जगते, तिच्यात पूर्वेला वाहून गेलं असतं असं पाणी आहे. मावळ्यांना जमिनीचा मोबदला मिळाला असेल-नसेल, पण एकदाच. वीज मात्र शंभर वर्षं चालू आहे. आपण डोंगराशी नेहमी असाच व्यवहार करतो: विकत घेतल्यासारखे पैसे एकदा द्यायचे आणि वापर भाड्यासारखा कायम करायचा.

याला दुसरा मार्ग नाही असं नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. पाणी शुद्ध करण्याचा अवाढव्य प्रकल्प टाळण्यासाठी शहराने वरच्या गावांतल्या शेतकऱ्यांना, सांडपाण्याच्या सोयींना, जमीन राखण्याला पैसे द्यायचं कबूल केलं. दानधर्म म्हणून नाही, हिशेब करून. अमेरिकेपर्यंत जायचं नसेल तर आपला वित्त आयोग आहे. चौदाव्या आयोगाने केंद्राच्या करांत राज्यांचा वाटा ठरवताना वनक्षेत्राला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्याने ते दहा केलं. म्हणजे जंगल राखणाऱ्याला पैसे द्यावेत हे तत्त्व दिल्लीने मान्य केलंय. ते मुंबईपर्यंत येतं आणि मंत्रालयात जिरतं. जंगल राखणाऱ्या गावाला त्यातलं काय मिळतं?

आता अंकगणित, अगदी रुमालावर करता येईल असं. दिवसाला ४०० कोटी लिटर म्हणजे ४० लाख हजार-लिटर. हजार लिटरमागे एक रुपया डोंगराच्या नावाने लावला तर दिवसाला ४० लाख, वर्षाला साधारण १४६ कोटी. गळती, चोरी, माफी वजा करून शंभर कोटी धरा. चौघांच्या घराला महिन्याला पंधरा-वीस हजार लिटर लागत असतील, तर बोजा पंधरा-वीस रुपयांचा. एक वडापाव. यावर पहिला आक्षेप असा की झोपडपट्टीतल्या माणसाने, जो आधीच ड्रमाने पाणी विकत घेतो, त्याने का द्यावं? बरोबर आहे, त्याने देऊ नये. पोहण्याचा तलाव असलेल्या टॉवरने आणि हॉटेलांनी दहा रुपये द्यावेत.

दुसरा आक्षेप जड आहे: पैसे मधल्यामध्ये खाल्ले जातील. जातील, तिजोरीतून तिजोरीत फिरले तर जातीलच. पण शहापूर, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, आणि पेसाचा पाच टक्के अबंध निधी सरळ ग्रामपंचायतीकडे जातो, त्याचा खर्च ग्रामसभा ठरवते. तिथेही गोंधळ होतात, पण गोंधळ गावाच्या डोळ्यांसमोर होतो. नळी आधीच टाकलेली आहे, तिच्यात मुंबईचं पाणी सोडायचं तेवढं बाकी आहे. ग्रामसभेने त्यातून आधी स्वतःच्या विहिरीचं काम केलं तर आपण नाक मुरडायचं कारण नाही. ज्याच्या घशाला कोरड आहे त्याच्याकडून धनेशासारख्या पक्ष्याची काळजी मागणं निर्लज्जपणाचं आहे.

धनेशाचं नाव घेतलंच आहे तर आता घरातली गोष्ट सांगावी लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल नावापुरतं आहे. रान आहे ते बहुतेक मालकीचं, आणि मालकांतले अर्धे चाकरमानी. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली अकरा मुंबई-ठाण्यात. लाकडाचा ठेकेदार फिरत असतो, तो एकरकमी बोलतो आणि ऐन, किंजळ, जांभूळ जे असेल ते ट्रकमध्ये भरून नेतो. आमच्या रानाचा खालचा तुकडा असाच गेला. ‘गावकरी जंगल तोडतात’ असं त्या दिवशी हॉलमध्ये म्हटलं गेलं तेव्हा मी गप्प होतो, कारण त्या तुकड्याच्या संमतिपत्रावरच्या सह्यांपैकी एक माझ्या वडिलांची होती, आणि ती डोंबिवलीत बसून केलेली होती.

वरच्या तुकड्यात एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो. आमच्याकडची जुनी माणसं त्याला गरुडच म्हणतात. मादी ढोलीत शिरते, विष्ठेने आणि चिखलाने तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. पुढचे तीन-चार महिने नर उंबर, वड, नांद्रुकाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून त्या फटीतून भरवतो. खाली उभं राहिलं तर बियांचा सडा पडलेला दिसतो आणि पंखांचा आवाज पक्ष्याच्या आधी येतो, लांबून वाफेच्या इंजिनासारखा. नराला काही झालं तर आत मादी आणि पिल्लू दोघंही उपाशी. आणि हा सगळा संसार जानेवारी-फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंतचा, म्हणजे नेमका लाकूडतोडीचा हंगाम. संवेदनशील क्षेत्राच्या नकाशात हा बेहडा दिसत नाही. तो कुठल्याही अभयारण्यात नाही, जागतिक वारशाच्या ज्या चार जागा महाराष्ट्रात आहेत (कास, कोयना, चांदोली, राधानगरी) त्यांच्या जवळपासही नाही. तो टिकेल किंवा जाईल ते सतरा सह्यांवर.

यंदा वरच्या तुकड्याचं बोलणं सुरू झालंय. वडील गेल्यावर वारसनोंद माझ्या नावाने झाली, तेव्हा संमतिपत्र आता माझ्याकडे आलंय. मी ठेकेदाराला फोन करून विचारलं, बेहडा तेवढा ठेवाल का. माणूस सज्जनपणे बोलला. “ठेवतो की साहेब, पण आजूबाजूचं रान गेल्यावर एकटं झाड वाऱ्यात टिकत नाही. दोन पावसाळे काढेल.” हे त्याने मला शिकवलं, हॉलमधल्या स्लाइड शोने नाही.

मग चुलतभावाला म्हटलं, तोडायला नको देऊया. तो भडकला नाही. जुन्या घराचं छप्पर गळतंय, वासे वाळवीने खाल्लेत, सुताराने आकडा सांगितलाय, आणि त्याच्या पदरात त्यातला चौथा हिस्साही नाही. गणपतीला तुम्ही सगळे याच छपराखाली झोपता, एवढं आठवण करून दिल्यावर त्याने शांतपणे विचारलं, “बरं, नाही तोडत. मग पैसे कोण देतंय? तू?”

संमतिपत्र अजून टेबलाच्या खणात आहे. अकरा मुंबईकरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी काल काढला आणि छपराचा आकडा त्यावर टाकला. आतापर्यंत दोघांनी हात जोडलेले पाठवलेत.